बदनामीला मुदत हवी

इंग्रजी शिकणारी मुलं ‘इन्फमस’ हा शब्द पहिल्यांदा वाचतात तेव्हा त्यातला ‘फेमस’ बघून ‘जो प्रसिद्ध नाही तो’ असा अर्थ लावतात आणि उच्चारही ‘इन-फेमस’ असा करतात. दोन्ही चुकतं. उच्चार ‘इन्फमस’, जोर ‘इन्’वर, अर्थ, ज्याचं नाव वाईट कारणाने सर्वतोमुखी झालं आहे तो. कुप्रसिद्ध, कुख्यात, बदनाम हे आपले शब्द त्याला चालतात. पण या इंग्रजी शब्दाची कुळकथा कोर्टकचेरीतली आहे आणि ती सोलापूरकरांनी तरी माहीत करून घ्यायला हवी. त्यामागची कल्पना कायदा होऊन या शहरात आली, तिच्याभोवती इथे तारेचं कुंपण पडलं आणि कुंपण गेल्यावरही ती पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत टिकून आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे: बदनामीचा शिक्का मारायचाच असेल तर तो एका माणसावर, सिद्ध झालेल्या गुन्ह्यासाठी, कारण लिहून आणि ठरावीक मुदतीसाठी मारावा. मुदत संपली की तो पुसावा.

लॅटिनमध्ये ‘फामा’ म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं बोलणं. मराठीत ‘बोलवा’ हा त्याला जवळचा शब्द. ‘इन्फामिया’ म्हणजे ही बोलवा बिघडणं, आणि रोमन कायद्यात त्याचे ठोस परिणाम होते. चोरी, लूट, फसवणूक यांत दोषी ठरलेला, पालक म्हणून अल्पवयीन मुलाच्या मालमत्तेत अफरातफर करणारा, भागीदाराला किंवा ठेव ठेवणाऱ्याला बुडवणारा, सैन्यातून अप्रतिष्ठेने काढलेला असे सगळे या यादीत येत. अशा माणसाला दुसऱ्याच्या वतीने न्यायालयात उभं राहता येत नसे. त्याच यादीत रंगमंचावर काम करणारे नट आणि पैसे घेऊन श्वापदांशी लढणारेही होते. म्हणजे गुन्हा न करता केवळ धंद्यामुळे बदनाम ठरवण्याची खोड रोमलाही होती. रोमची वकिली आम्हाला करायची नाही. त्यांच्या एका पद्धतीकडे मात्र लक्ष वेधायचं आहे.

रोममध्ये साधारण दर पाच वर्षांनी नागरिकांची यादी होई. ती करणारे दोन अधिकारी म्हणजे सेन्सॉर. ज्याचं वर्तन त्यांना अशोभनीय वाटे त्याच्या नावापुढे ते खूण करत; त्या खुणेला ‘नोटा’ म्हणत. खुणेसोबत कारण नोंदवलं जाई, दोन्ही सेन्सॉरांचं एकमत लागे, आणि पुढच्या यादीच्या वेळी आलेले नवे सेन्सॉर ती खूण काढून टाकू शकत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या: लिहिलेलं कारण, एकाहून अधिक माणसांचा निर्णय आणि पुन्हा तपासणीची ठरलेली वेळ. आजच्या आपल्या व्यवस्थेत या तिन्ही सापडतात का, हे पुढे बघूच.

दुसरा इंग्रजी शब्द ‘नोटोरियस’. तो ‘माहीत असलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. सोळाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सर्वांना ठाऊक असलेला’ इतकाच होता. वाईट अर्थ नंतर चिकटत गेला. जमिनीच्या दाव्यांत ‘प्रतिकूल ताबा’ (मालक नसताना जमिनीवर दीर्घकाळ ठेवलेला ताबा) सिद्ध करताना तो उघड आणि ‘नोटोरियस’ असावा लागतो असं वकील आजही म्हणतात, तेव्हा त्यांना जुनाच अर्थ अभिप्रेत असतो: गावाला माहीत असलेला ताबा. ‘इन्फमी’ मात्र इंग्लंडच्या कायद्यातही शिक्षेसारखीच राहिली. ‘इन्फमस’ मानलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची साक्षच घेतली जात नसे. ही बंदी १८४३ च्या कायद्याने उठली. इंग्रजांनी आपल्या देशात बदनामीचे असे परिणाम कमी करायला सुरुवात केली, त्याच शतकात हिंदुस्थानात ते वाढवत नेले.

१८३६ च्या ३० व्या कायद्याने एखादा माणूस ठगांच्या टोळीचा होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप ठेवली. त्याने नेमका कोणता गुन्हा केला हे दाखवण्याची गरज नव्हती. आपला ‘ठग’ शब्द इंग्रजीत ‘थग’ होऊन स्थिरावला तो याच काळात. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्वत्र, आणि १९२४ मध्ये एकत्रित स्वरूपात. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव छापलं की त्या जमातीत जन्मलेलं मूलही गुन्हेगार. १८७१ च्या कायद्यात असंही लिहिलं होतं की या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासू नये. रोमन सेन्सॉरची खूण पुढचा सेन्सॉर पुसू शकत होता. ही खूण पुसण्याचा मार्गच बंद केला होता.

१९२४ च्या कायद्यातले तपशील वाचताना आजही संताप येतो. ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास, बोटांचे ठसे. सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षं कैद, तिसऱ्यांदा काळं पाणी. तोच गुन्हा शेजारच्या ‘अगुन्हेगार’ जातीच्या माणसाने केला तर शिक्षा कितीतरी कमी. शिक्षा कृत्याला नव्हती, नावाला होती.

या कायद्याखाली सोलापुरात जी वसाहत उभी राहिली तिला शहर आजही ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतं. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींची कुटुंबं इलाख्यातल्या अशा वसाहतींत तारेच्या कुंपणात ठेवली गेली. काही काळ सोलापूरचं व्यवस्थापन अमेरिकन मराठी मिशनकडे होतं. इथली माणसं कापड गिरण्यांत कामाला जात. त्यांतली ‘जुनी गिरणी’ १८७७ सालची. सोलापूरच्या गिरणगावाची भरभराट सगळे सांगतात, पण त्या भरभराटीत पळून जाऊ न शकणाऱ्या मजुराचाही वाटा होता, हे शहराच्या गौरवग्रंथांत फारसं येत नाही. वर्तन चांगलं ठरलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर जागा मिळे; ती ‘फ्री कॉलनी’. सेटलमेंट फ्री कॉलनी हा आज हजारो लोकांच्या आधार कार्डावरचा पत्ता आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी केंद्राने हा कायदा रद्द केला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत. भटक्या-विमुक्तांसाठीच्या, २००६ मध्ये काम सुरू केलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके सोलापूरचेच.

कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. त्यात एक सुधारणा खरोखर मोलाची होती: जात गेली, माणूस आला. सलग पाच वर्षांच्या काळात वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या अनुसूचित (कायद्याला जोडलेल्या यादीतल्या) गुन्ह्यांसाठी किमान तीन वेळा कैदेची शिक्षा झालेला, तो सराईत. ही व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण बातमीत रोज दिसणारा ‘सराईत’ या व्याख्येत बहुधा बसत नाही. त्याच्यावर चार गुन्हे ‘दाखल’ असतात, म्हणजे चार फिर्यादी नोंदलेल्या असतात. दाखल होणं आणि दोषी ठरणं यांच्यामध्ये तपास, आरोपपत्र, साक्षीपुरावे आणि निकाल एवढा रस्ता आहे. त्या रस्त्यावर पाऊल पडण्याआधीच विशेषण बहाल झालेलं असतं.

आता मुख्य विसंगतीकडे येऊ. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४९ (जुन्या पुरावा कायद्याचं ५४) सांगतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं चारित्र्य वाईट आहे हे विचारातच घ्यायचं नाही. आरोपीने स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला तरच तो प्रश्न उघडतो. कारण उघड आहे. माणूस वाईट म्हणून ओळखला जातो एवढ्यावरून ही चोरी त्यानेच केली असं ठरत नाही. आपल्या फौजदारी कायद्यातला हा अतिशय शहाणा नियम आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२९ खाली सराईत माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं (पोलिसांच्या भाषेत चॅप्टर केस), आणि त्या चौकशीसाठी कलम १३५ चं चौथं पोटकलम म्हणतं की तो सराईत आहे हे ‘सर्वसाधारण लौकिकाच्या’ पुराव्यानेही सिद्ध करता येईल. म्हणजे न्यायाधीशापुढे जी बोलवा चालत नाही ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. तहसील कचेरीत हे अधिकार महसूल अधिकाऱ्याकडे असतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या सोलापूरसारख्या शहरात ते सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. प्रस्ताव पोलिसांचा, पुरावा लौकिकाचा आणि निर्णयही पोलिसांचा. बंधपत्र तीन वर्षांपर्यंतचं असू शकतं आणि जामीनदार उभा राहिला नाही तर तुरुंग. बदनाम वस्तीतल्या माणसाला जामीनदार कुठून मिळणार? जामीनदाराला ऐपतीचे कागद लागतात. ते ज्यांच्याकडे आहेत ते त्या वस्तीत राहत नाहीत आणि बाहेरचा सहसा उभा राहत नाही.

तडीपारीतही तसंच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत म्हणून त्यांचे जबाब बंद दाराआड, नाव न उघड करता घेतले जातात. भीती अनेकदा खरी असते, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच कलम ५९ ची नोटीस नीट वाचली पाहिजे. आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप तरी त्यात सांगावंच लागतं. नुसतं ‘परिसरात दहशत आहे’ हे वाक्य पुरत नाही. कलम ६० खाली अपिलाची मुदत तीस दिवसांची. इथे नेहमी होणारी चूक अशी की नोटिशीला लेखी उत्तर न देता माणूस काही दिवस गायब होतो आणि तेच त्याच्या विरोधात लिहिलं जातं. जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तडीपारीचा आदेश रद्द करताना हा उपाय असाधारण आहे, रोजच्या वापराचा नाही, असं बजावलं होतं.

हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे पोलीस ठाण्यात एखाद्या माणसावर नजर ठेवण्यासाठी उघडलेल्या नोंदीबद्दल, तर त्याहून स्पष्ट निकाल आहे. दिल्लीतल्या एका प्रकरणात ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, जाहीर करायचा कागद नाही. निरपराध ठरलेल्यांची नावं काढण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासणी करावी. मागास समाजांतल्या लोकांवर पूर्वग्रहाने अशा नोंदी उघडल्या जाऊ नयेत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगांतल्या जातवार कामवाटपाचा निकाल देताना न्यायालयाने विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेविरुद्ध पोलिसांना पुन्हा तेच दंडक लावून दिले. हे दोन्ही निकाल मान्य केले तर ‘हिस्ट्रीशीटर’ हा शब्द बातमीत छापणं म्हणजे अंतर्गत कागद चव्हाट्यावर मांडणं होतं.

बातमी कशी तयार होते ते बघा. गुन्हा उघडकीस आला की पोलिसांची प्रेसनोट पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटात येते. त्यात संशयिताचं पूर्ण नाव, वय, वस्तीसह पत्ता आणि ‘रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगार’ हे शब्द असतात. उपसंपादकाला संध्याकाळी पान लावायचं असतं. नोट जशीच्या तशी उतरते. आरोपीची किंवा त्याच्या वकिलाची बाजू विचारलेली नसते. तीन वर्षांनी तो निर्दोष सुटतो तेव्हा प्रेसनोट निघत नाही, म्हणून बातमीही होत नाही. जुनी बातमी इंटरनेटवर तशीच राहते आणि नाव शोधलं की पहिली तीच येते. कामावर ठेवणारा मालक निकालपत्र वाचत नाही, तो मोबाइलवर नाव टाकून बघतो.

वस्तीचा पत्ता छापण्यातून आणखी एक नुकसान होतं. एका माणसाच्या अटकेची बातमी त्या पत्त्यावरच्या सगळ्यांची होते. भारतीय पत्र परिषदेचे निकष सांगतात की एखाद्या जातीला कमीपणा येईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा. सोलापुरात काही पत्तेच जातीचा उल्लेख करतात, त्यामुळे जात न लिहिताही ती लिहिली जाते.

आणि ‘भामटा’ हा शब्द. राजपूत भामटा आणि भामटा ही राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीतली नावं आहेत. ‘ऑनलाइन भामट्याने निवृत्त शिक्षकाला गंडवले’ असा मथळा मराठीत रोज कुठे ना कुठे छापला जातो. तो ऑनलाइन चोर कोण, कुठला, हे कोणालाच माहीत नसतं; तरी त्याच्या पापाचं माप एका जातीच्या नावाने मोजलं जातं. शाळेच्या दाखल्यावर ज्या मुलाची जात तीच आहे, त्याने वर्गात हा मथळा कसा वाचायचा? ‘फसवणूक करणारा’ हा शब्द मराठीत आहे आणि मथळ्यात बसतोही.

यावर ठरलेला आक्षेप असा: काहीतरी असल्याशिवाय लोक बोलत नाहीत. हे सोलापुरात तरी म्हटलं जाऊ नये. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं, ते पोलिसांच्या हत्येचे गुन्हेगार म्हणून. सरकारी दप्तरात त्यांचं वर्णन तेच होतं. शहराने ते स्वीकारलं नाही, पुतळे उभारले, चौकाला नाव दिलं. ज्या राजवटीचा त्या चौघांवरचा शिक्का सोलापूरने खोटा मानला, त्याच राजवटीने सेटलमेंटमधल्या माणसांवर मारलेला शिक्का मात्र खरा मानायचा, याला काय आधार आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोलिसांना वारंवार गुन्हे करणाऱ्यांवर नजर ठेवावी लागते. घरफोडी झाल्यावर ते सुरुवात कुठून करणार? नजर ठेवावी, जरूर ठेवावी. तीन दोषसिद्धींची व्याख्या त्यासाठीच आहे. पण जुनीच यादी पुन्हा पुन्हा उघडली की तपास आळशी होतो: वस्तीतून दोघांना उचललं, मुद्देमाल मिळाला नाही, खटला पुराव्याअभावी सुटला आणि खरा चोर शहरातच राहिला. याचा फटका घर फुटलेल्या माणसालाच बसतो. उलट, सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीसाठी बदनाम वस्त्यांत छाप्यांबरोबर शिवणकामापासून इतर रोजगारापर्यंत पर्याय उभे करायचा प्रयत्न केला. पोलिसांनीच घालून दिलेला हा धडा आहे आणि तो शहरातही गिरवायला हवा.

मुदतीची कल्पना आपल्या कायद्यांना नवी नाही. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेला आमदार-खासदार सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. बाल न्याय कायद्याचं कलम २४ तर, जघन्य गुन्ह्यांचे काही अपवाद सोडता, अपिलाची मुदत संपली की मुलाच्या दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करायला सांगतं. खुद्द इंग्लंडने १९७४ मध्ये कायदा केला, ज्यानुसार ठरावीक वर्षं गुन्ह्याविना गेली की जुनी शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते. कायदे करणाऱ्यांच्या डागाला सहा वर्षांची सीमा आहे, तर रिक्षा चालवू पाहणाऱ्या तरुणाच्या नुसत्या ‘दाखल’ गुन्ह्यालाही सीमा हवी.

तोवर जे आजच करता येतं ते करावं. निर्दोष सुटलेल्याने न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि ज्या ठाण्यात गुन्हा नोंदला तिथे अर्जासोबत देऊन पोच घ्यावी. अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमं, खटला क्रमांक आणि निकालाची तारीख हवी. यातलं एक जरी चुकलं तरी नोंद जुळत नाही. हे केलं नाही तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी गुन्हा ‘प्रलंबित’ दिसण्याचा धोका राहतो आणि नोकरीची मुदत निघून जाते. हिस्ट्रीशीट असेल तर ती बंद करण्याचा वेगळा अर्ज पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे, मे २०२४ च्या निकालाचा हवाला देऊन करावा. वर्तमानपत्राकडे जाताना जुन्या बातमीची तारीख आणि दुवा, निकालाची प्रत आणि एकच मागणी ठेवावी: त्याच बातमीच्या वरच्या बाजूला निर्दोष सुटकेची ओळ टाका. बातमी काढून टाकायची मागणी सहसा फेटाळली जाते, ही ओळ टाकायला नकार देणं संपादकाला अवघड जातं. आणि संपादकांनी स्वतःहून एक वही ठेवावी. अटकेची बातमी ज्याच्या नावासह छापली, त्याच्या खटल्याचा क्रमांक त्यात लिहावा आणि दर सहा महिन्यांनी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून निकाल लागला का ते बघावं. एका क्रमांकाला पाच मिनिटंही लागत नाहीत.